क्रेनने माणूस वर न्यायचाच असेल तर: नकारापासून ट्रायल लिफ्टपर्यंत

क्रेनच्या हुकावर पाय देऊन वर गेलेला माणूस बहुतेक वेळा सुखरूप खाली उतरतो. म्हणूनच हा प्रकार बंद होत नाही. दहा वेळा काही झालं नाही की अकराव्या वेळी कोणी विचारतही नाही. ‘एकच बोल्ट कसायचाय’, ‘परांची बांधायची म्हणजे अर्धा दिवस गेला’, ‘ऑपरेटर जुना आहे, काळजी नको’ ही कारणं साईटवर काम केलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असतात.

हा लेख सुपरवायझर, रिगर (भार बांधणारा) आणि ऑपरेटर यांच्यासाठी आहेच, पण त्यांच्याहून जास्त तो ज्याला वर पाठवलं जातं त्या माणसासाठी आहे. माणसाला उंचावर नेणाऱ्या यंत्रात ज्या गोष्टी असाव्या लागतात, त्या क्रेनमध्ये मुळात नसतात. त्या एकेक करून बाहेरून भरून काढाव्या लागतात. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत, आणि त्यातली एकही जमत नसेल तर उचलायचं नाही.

क्रेनमध्ये काय नसतं

इमारतीतली प्रवासी लिफ्ट बघा. ती बहुधा तीन-चार वेगवेगळ्या दोरांवर असते, आणि त्या दोरांची ताकद प्रत्यक्ष भाराच्या किमान १२ पट धरण्याचा युरोपीय मानकाचा दंडक आहे. वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर सुटतो आणि सेफ्टी गिअर रुळांना जबड्यासारखं पकडतं. दार उघडं असेल तर लिफ्ट हलतच नाही.

मोबाईल क्रेनमध्ये यातलं काहीही नाही. तिच्या धावत्या दोरासाठी अमेरिकी नियमात ३.५ पट ताकद पुरेशी मानली आहे. पीळ न घेणाऱ्या दोरासाठी ५ पट. हुक ब्लॉकवर, म्हणजे हुक बसवलेल्या कप्प्यांच्या ठोकळ्यावर, चार फॉल दिसतात तेव्हा चार दोर आहेत असं वाटतं, पण ते एकाच दोराचे चार पदर असतात. दोर कुठेही तुटला की सगळंच गेलं. रूळ नाहीत, म्हणून टांगलेली वस्तू झुलते. आणि चालवणारा माणूस त्या वस्तूपासून कधीकधी ४०-५० मीटर लांब बसलेला असतो.

वजनाच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. दोन माणसं म्हणजे दीडशे-दोनशे किलो, आणि क्रेन ५० टनांची. ऑपरेटरच्या स्क्रीनवर भार नगण्य दिसतो, आणि सगळ्यांना वाटतं, यात धोका तो काय? पण माणसं उचलताना होणारे अपघात फक्त जास्त भारामुळे होत नाहीत. बास्केट, म्हणजे माणसं ज्यात उभी राहतात तो टांगता पिंजरा, वर जाताना एखाद्या बीमच्या खालच्या कडेला अडकते, ऑपरेटरला ते दिसत नाही, दोर ओढला जात राहतो. मग एकतर काहीतरी तुटतं किंवा बास्केट अचानक सुटून उसळी घेते. कठड्यावर ठेवलेला हात खांब आणि कठडा यांच्यामध्ये सापडतो. एका बाजूचा आउटरिगर, म्हणजे क्रेनचा बाहेर काढलेला आधाराचा पाय, मऊ जमिनीत चार बोटं खचतो आणि वर बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, टोकाशी तेवढ्याने बास्केट त्याच्या कितीतरी पट सरकते.

आणि टू-ब्लॉकिंग. हुक ब्लॉक वर जात जात बूमच्या टोकाला भिडतो आणि दोर तुटतो. हे फक्त हुक वर घेतानाच होतं असा समज आहे, तो चुकीचा आहे. टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारा) बूम बाहेर काढताना विंचमधून, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रातून, दोर सोडला नाही, तर हुक ब्लॉक आपोआप टोकाकडे सरकत जातो. ऑपरेटरचं लक्ष बूमच्या लांबीवर असतं आणि बास्केट तर ‘वर’ जातच नसते, त्यामुळे खालच्यांनाही शंका येत नाही.

पहिली पायरी: दुसरा मार्ग खरंच नाही का?

या विषयावरचा सर्वात तपशीलवार नियम अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा आहे. २०१० साली आलेल्या त्यांच्या क्रेन नियमावलीत १९२६.१४३१ या क्रमांकाखाली माणसं उचलण्याचं संपूर्ण प्रकरण आहे. त्याची सुरुवातच बंदीने होते: क्रेनने माणूस उचलायचा नाही. अपवाद एकच. शिडी, जिना, परांची, बूम लिफ्ट, सिझर लिफ्ट, पॅसेंजर होइस्ट असे नेहमीचे मार्ग उभारणं, वापरणं किंवा काढणं जास्त धोक्याचं असेल, किंवा बांधकामाच्या रचनेमुळे अथवा जागेमुळे ते शक्यच नसेल, तरच.

यात ‘महाग’ हा शब्द नाही, ‘उशीर होईल’ हेही नाही. ‘क्रेन इथेच उभी आहे’ हे कारण तर कोणत्याच देशाच्या नियमात सापडणार नाही. तुमच्या कामाला लागू होणारा कायदा वेगळा असेल, त्यात आकडे कमीजास्त असतील. तो बघायलाच हवा, आणि जो कडक असेल तो पाळायचा. पण हा क्रम सगळीकडे सारखा धरायला हरकत नाही.

प्रत्यक्षात करायचं असं. एक कागद घ्या आणि प्रत्येक पर्यायापुढे तो का चालत नाही ते एका ओळीत लिहा. ‘बूम लिफ्ट: पोच २६ मीटर, काम ४१ मीटरवर.’ ‘परांची: खाली खोल खड्डा, पाया देता येत नाही.’ असं नेमकं लिहिता आलं तर पुढे जा. ‘वेळ नाही’ याशिवाय काही सुचत नसेल तर उत्तर मिळालं. खाली सही कोणाची आहे हे महत्त्वाचं. सही मागितली की निम्म्या वेळा बूम लिफ्ट कुठून तरी उपलब्ध होते, हा माझा तरी अनुभव आहे.

खरोखर क्रेनच लागते अशी कामंही आहेत: उंच चिमणीच्या आतलं काम, खोल शाफ्टमध्ये उतरणं, पुलाच्या पोटाखालची अशी जागा जिथे दुसरं यंत्र पोचत नाही, समुद्रातल्या कामावर बोटीतून प्लॅटफॉर्मवर जाणं. ही यादी लहान आहे आणि लहानच राहायला हवी.

कशात कधीच नाही

हुकावर पाय देऊन नाही. उचललेल्या मालावर उभं राहून नाही, ‘माल जागेवर बसवायला वर कोणीतरी लागतंच’ असं म्हटलं तरी नाही. बसवणारा माणूस आधी वर पोचलेला असतो आणि माल नंतर येतो. पॅलेट, काँक्रीटची बकेट, कापलेला ड्रम, गॅस सिलिंडर न्यायचा पिंजरा, लोडरचं बकेट यांपैकी कशातच नाही. बेल्ट स्लिंगचा, म्हणजे भार उचलायच्या पट्ट्याचा, फास करून त्यात बसवणं तर नाहीच नाही.

सेफ्टी हार्नेसचं डी-रिंग (अंगावरच्या पट्ट्यांची अडकवायची कडी) थेट हुकात अडकवून माणूस वर नेणं हा यातला सगळ्यात फसवा प्रकार. हार्नेस दिसतो, म्हणून सुरक्षित वाटतं. पण हार्नेस पडणाऱ्याला थांबवण्यासाठी असतो, प्रवासासाठी नाही. बोसन चेअर म्हणजे टांगती खुर्ची नियमात आहे, पण चिमणी, टाकी, शाफ्ट अशा मोजक्या ठिकाणी, जिथे बास्केट आत जातच नाही तिथे.

आणि हायड्रासारखी उचलून चालणारी क्रेन. माणसं टांगलेली असताना ती जागेवरून हलवायची नाही. चाकाखाली आलेला एक दगड टोकाशी किती झोका देतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं स्पष्टीकरण लागणार नाही.

बास्केट कशी असावी

साईटच्या वेल्डरने अँगल जोडून केलेली बास्केट चालत नाही. वेल्डर चांगला असेलही, पण रचना जाणणाऱ्या इंजिनिअरने ती मुळात डिझाइन केलेली असावी लागते, आणि तिने कमाल भाराच्या किमान ५ पट भार न तुटता सोसला पाहिजे. टांगण्याची मांडणी अशी हवी की आतला माणूस एका कोपऱ्यात सरकला तरी ती फारशी कलू नये. बास्केट हातात आली की हे बघा:

- प्लेट: रिकामं वजन आणि कमाल भार लिहिलेली प्लेट ठोकलेली आहे का. प्लेट नाही तर बास्केट नाही.
- कठडा: साधारण १.१ मीटर उंच, मधला आडवा बार, खाली टो-बोर्ड (पायाशी उभी पट्टी), आणि टो-बोर्डपासून मधल्या बारपर्यंत जाळी किंवा पत्रा. पाना घरंगळून खाली गेला तर खालचा माणूस जातो.
- आतला हातदांडा: कठड्याच्या आत, सगळीकडून फिरणारा. हात बाहेरच्या कठड्यावर जाऊ नये म्हणून हा असतो, आणि जुगाडू बास्केटमध्ये नेमका तोच नसतो.
- दार: आत उघडणारं, आपोआप सुटणार नाही अशा कडीचं.
- वरून काही पडण्याची शक्यता असेल तर डोक्यावर छत, पण त्यातून वरचं दिसलं पाहिजे.
- हार्नेस अडकवायला पक्की जागा. कठड्याचा पाईप ही ती जागा नव्हे.

रंगाकडे लक्ष द्या. वेल्डच्या रेषेवर ताजा, जाड रंग दिसला तर तो खरवडून बघायला सांगा.

हुक, शॅकल आणि चार पायांची स्लिंग

ही जागा जरा थांबून बघण्याची आहे. क्रेनच्या हुकाच्या तोंडाशी जी स्प्रिंगवाली पट्टी असते, तिला लॅच म्हणतात. ती भार घेण्यासाठी नसते. स्लिंग ढिली पडली तरी बाहेर येऊ नये एवढंच तिचं काम. बास्केट एखाद्या स्लॅबच्या कडेवर क्षणभर टेकली की स्लिंग ढिली पडते, मास्टर लिंक (स्लिंगचे सगळे पाय जोडलेली वरची मोठी कडी) हुकात वर सरकते आणि तिरकी होऊन लॅचवर चढते. क्रेनने पुन्हा ताण घेतला की भार हुकाच्या खोबणीत नाही, लॅचच्या टोकावर येतो. मालाच्या बाबतीत हे घडलं तर माल पडतो. म्हणून माणसांसाठी लॅचवर भागत नाही. हुक बंद होऊन कुलूप लागणारा हवा, किंवा हुकाऐवजी बोल्ट, नट आणि स्प्लिट पिन असलेला अलॉयचा बो-शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी गोल पोटाची कडी. स्क्रू पिनचा शॅकल असेल तर पिन फिरणार नाही अशी तारेने बांधायची. स्प्लिट पिनचे दोन्ही पाय वाकवलेत का, हे बोट लावून बघा; नुसतं दिसतंय म्हणून सोडू नका.

स्लिंगचे चारही पाय एका मास्टर लिंकवर यावेत आणि भार सारखा वाटला जावा. या स्लिंग, शॅकल, रिंग सगळ्यांची ताकद कमाल भाराच्या किमान ५ पट हवी, आणि पीळ न घेणारा दोर वापरला असेल तर त्याची १० पट. बास्केटचं रिगिंग हे फक्त बास्केटचंच. काल त्याच स्लिंगने सळईचे गठ्ठे उचलले असतील तर ती स्लिंग आज माणसांसाठी चालणार नाही, वरवर कितीही नवी दिसली तरी. वेगळ्या रंगाचा पट्टा मारा आणि वेगळ्या पेटीत कुलपात ठेवा. नाहीतर संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्याच हुकावर दिसेल.

तपासणीच्या मुदतीबद्दल ब्रिटनचा उचलण्याच्या यंत्रांबद्दलचा १९९८ चा लोलर नियम उपयोगी आहे. माल उचलणाऱ्या यंत्रांची सखोल तपासणी १२ महिन्यांतून एकदा, पण माणसं उचलणाऱ्या यंत्रांची आणि स्लिंग, शॅकल अशा उचलण्याच्या सर्व जोडसाधनांची दर ६ महिन्यांनी. सर्टिफिकेट बघताना तारखेसोबत अनुक्रमांकही बघा. कागदावरचा नंबर आणि बास्केटवर कोरलेला नंबर जुळत नसेल तर तो कागद दुसऱ्याच बास्केटचा आहे.

क्रेन आणि जमीन

क्रेनमध्ये चार गोष्टी चालू स्थितीत हव्यात: टू-ब्लॉकिंग थांबवणारा लिमिट स्विच, बूमचा कोन दाखवणारा काटा, टेलिस्कोपिक बूम असेल तर लांबी दाखवणारी सोय, आणि भार फक्त ब्रेकच्या भरवशावर न सोडता नियंत्रित वेगाने खाली आणणारी यंत्रणा. जुन्या क्रेनमध्ये फ्री-फॉल असतो, म्हणजे क्लच सुटला की हुक स्वतःच्या वजनाने खाली येतो. माणसं टांगलेली असताना फ्री-फॉल वापरायला पूर्ण मनाई आहे.

लिमिट स्विच चालतोय का हे ऑपरेटरला विचारू नका. रिकाम्या हुकाने सावकाश वर घेऊन तो खरंच थांबवतो का ते समोर बघा. ‘तो सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास केलाय’ हे उत्तर आलं की काम तिथेच थांबलं.

जमीन टणक आणि क्रेन सपाट: उतार १ टक्क्याच्या आत, म्हणजे १ मीटरला १ सेंटिमीटर. आउटरिगर सगळे बाहेर, सगळे सारखे, लोड चार्टमध्ये (क्रेनच्या क्षमतेच्या तक्त्यात) लिहिल्याप्रमाणे आणि लॉक केलेले. एका बाजूला भिंत आहे म्हणून तिकडचे दोन अर्धेच काढले, हे मालासाठीही वाईट आहे. माणसांसाठी विषयच नाही. खाली नुकतीच भरलेली माती, गटार किंवा केबलचा चर आहे का हे ज्याला माहीत असेल त्याला विचारा.

अर्ध्या क्षमतेचा हिशोब

नियम सोपा आहे. बास्केट, माणसं, हत्यारं, रिगिंग, हुक ब्लॉक आणि खाली सोडलेला दोर मिळून जे वजन होईल ते त्या रेडियसला (क्रेनच्या मध्यापासून हुकापर्यंतच्या आडव्या अंतराला) आणि त्या मांडणीला क्रेनची जी क्षमता चार्टमध्ये आहे, तिच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. क्रेनच्या अंगावर लिहिलेली ‘५० टन’ ही क्षमता इथे उपयोगाची नाही. ती बूम अगदी जवळ आणि आखूड असतानाची आहे.

समजा बास्केट ३२० किलो. हार्नेस आणि हत्यारांसकट दोन माणसं २२०. स्लिंग-शॅकल ४०, हुक ब्लॉक २८०, दोर ४०. एकूण ९०० किलो. काम १६ मीटर रेडियसवर आहे आणि चार्ट तिथे ३,००० किलो दाखवतो. निम्मे १,५००. चालेल. आता वर गेल्यावर कोणीतरी म्हणतं, ‘थोडं पुढचा जॉइंटही बघून घेऊ’, आणि तो २४ मीटरवर आहे. तिथे चार्ट १,७०० दाखवतो, निम्मे ८५०. पन्नास किलोने बाहेर. मालाचा ९०० किलोचा गठ्ठा तिथे आरामात गेला असता, म्हणून ऑपरेटरला अलार्मही ऐकू येणार नाही. क्रेनचा संगणक माणूस आणि सळई यात फरक करत नाही. तो फरक कागदावर आधीच झालेला असावा लागतो, आणि सर्वात लांबचा रेडियस धरून.

प्रूफ टेस्ट आणि ट्रायल लिफ्ट

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सर्रास एकमेकींच्या जागी खपवल्या जातात.

प्रूफ टेस्ट बास्केट आणि रिगिंगची. बास्केटच्या कमाल क्षमतेच्या १२५ टक्के वजन तिच्यात सारखं पसरून ठेवायचं, उचलायचं आणि किमान ५ मिनिटं टांगून ठेवायचं. क्षमता २५० किलो असेल तर साधारण ३१३ किलो. मग खाली घेऊन वेल्ड, टांगायचे डोळे, शॅकल, फरशी सगळं बघायचं. नव्या साईटवर पहिल्यांदा वापरण्याआधी आणि कोणतीही दुरुस्ती किंवा बदल झाल्यावर ही करायचीच.

ट्रायल लिफ्ट मार्गाची. बास्केटमध्ये माणसांच्या आणि हत्यारांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ठेवायच्या आणि जिथून माणसं चढणार तिथून जिथे काम आहे तिथपर्यंत, मधल्या प्रत्येक थांब्यासह, नेऊन आणायची. माणसं चढण्याच्या लगेच आधी. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला. क्रेन जागेवरून हलवली तर पुन्हा. मार्ग बदलला तरी पुन्हा, नव्या मार्गात नवा धोका नाही याची जाणत्या माणसाला खात्री असेल तरच सूट.

ही फेरी बहुतेक ठिकाणी रिकाम्या बास्केटने दोन मीटर वर-खाली करून उरकली जाते. त्याने काहीच कळत नाही. पूर्ण फेरीत कळतं ते असं: बूम कुठे छज्ज्याला घासतो, कोणत्या उंचीला ऑपरेटरला बास्केट दिसेनाशी होते, शेवटच्या ठिकाणी हुक ब्लॉक आणि बूमच्या टोकात अंतर किती उरतं, आणि उतरताना आउटरिगरखालच्या प्लेटा किती दबल्यात. ट्रायलनंतर क्रेन, जमीन आणि बास्केट पुन्हा नजरेखालून घालायची. दोराचे पदर एकमेकांभोवती गुंडाळलेले नाहीत ना, हुक बास्केटच्या बरोबर मध्यावर आहे ना, आणि मध्ये कुठे दोर ढिला पडला असेल तर तो ड्रमवर आणि कप्प्यांमध्ये नीट बसलाय ना.

बैठक आणि इशारे

ट्रायल लिफ्टच्या आधी सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं: ऑपरेटर, सिग्नल देणारा, वर जाणारे आणि कामाची जबाबदारी असलेला माणूस. मध्येच नवा माणूस आला तर त्याच्यासाठी पुन्हा. यात भाषण नको. कोण सिग्नल देणार, रेडिओ कोणत्या चॅनेलवर, हाताचे इशारे कोणते, अडकलं तर खाली कसं आणायचं, एवढं प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं. ‘समजलं ना?’ विचारलं की सगळे मान हलवतात, म्हणून ‘तू सांग’ म्हणायचं.

सिग्नल एकाचाच. अपवाद थांबण्याच्या इशाऱ्याचा. तो कोणीही दिला तरी ऑपरेटरने थांबायचं. आणि संपर्क तुटला, रेडिओ खरखरला, सिग्नलमन दिसेनासा झाला तर ‘बहुतेक वरच म्हणाला असेल’ असं धरून चालायचं नाही. थांबायचं.

प्रत्यक्ष उचलताना

जेवढी माणसं लागतात तेवढीच. सोबत फक्त कामाची हत्यारं, बांधलेली आणि पसरून ठेवलेली. जाता जाता दोन पाईप वर नेऊ हे चालणार नाही. प्रत्येकाचा हार्नेस बास्केटच्या ठरलेल्या जागी अडकवलेला. पाण्यावरच्या कामात लाईफ जॅकेट हवंच, आणि तिथे हार्नेस बास्केटला बांधायचा की नाही हे आधीच ठरवायला हवं, कारण बास्केटच पाण्यात गेली तर बांधलेला माणूस तिच्याबरोबर खाली जातो.

माणसं चढली की आधी फक्त चार बोटं उचलायचं आणि थांबायचं. बास्केट सरळ टांगलीय का, कडी लागलीय का, हुकाचं कुलूप बंद आहे का, हे जाणत्या माणसाने बघायचं आणि मगच पुढे. हालचाल संथ, झटका नाही. लागेल तिथे टॅग लाईन, म्हणजे बास्केट झुलू नये म्हणून धरायची दोरी. हात, डोकं, पाय आत. याच क्रेनच्या दुसऱ्या विंचने त्या वेळी दुसरं काहीही उचलायचं नाही. ऑपरेटर माणसं वर असेपर्यंत केबिन सोडत नाही, फोन आला तरी आणि जेवायची वेळ झाली तरी.

बास्केटमधून बाहेर पडायचं असेल तर ती आधी स्ट्रक्चरला बांधायची. इथून पुढची चूक जीवघेणी आहे: परत येऊन माणूस आत चढतो, ‘चल’ म्हणतो आणि बांधलेली दोरी तशीच राहते. म्हणून बास्केट पूर्ण मोकळी आहे असं वरून स्पष्ट शब्दात कळल्याशिवाय ऑपरेटरने हात हलवायचा नाही.

वर वेल्डिंग असेल तर होल्डर बास्केटच्या लोखंडाला लागणार नाही अशी सोय हवी, आणि अर्थिंग कामाच्या जागीच. रिटर्न करंटला क्रेनच्या दोरातून वाट मिळाली तर दोर आतून भाजतो आणि बाहेरून तसा दिसतो.

वारा आणि विजेच्या तारा

बास्केटच्या उंचीला वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला, झोत असला तरी, तर उचलावं की नाही हा निर्णय जाणकार माणसाने घ्यायचा. खाली पान हलत नसताना वर ताडपत्री फडफडत असते, म्हणून मोजमाप वरचं. विजा, धुकं, जोराचा पाऊस असेल तर थांबायचं.

विजेच्या तारांपासून ३५० किलोव्होल्टपर्यंत किमान २० फूट, त्याच्या वरच्या दाबाला ५० फूट. या अंतराच्या आत क्रेनने माणसं उचलायचीच नाहीत. तारांवरचंच काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांचे नियम वेगळे आहेत.

क्रेन वरच बंद पडली तर

योजनेतला हा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा असतो, किंवा त्यात ‘अग्निशमन दल’ एवढंच लिहिलेलं असतं. ते येईपर्यंत काय? इंजिन बंद पडल्यावर हाताने ब्रेक सोडून भार खाली आणण्याची पद्धत त्या क्रेनच्या पुस्तकात असते. ती ऑपरेटरला करता येते का हे आधी विचारा. जवळ दुसरी क्रेन किंवा बूम लिफ्ट आहे का? वरून स्ट्रक्चरवर उतरून जिन्याने येता येईल का? कोणी बास्केटबाहेर हार्नेसवर लटकलं असेल तर वेळ फारच कमी असतो. न हलता लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साचतं आणि तो काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो. हार्नेसमध्ये पाय टेकवायचे पट्टे आधीपासून असावेत, आणि त्याला ओढून घेण्याचं साधन साईटवरच हवं.

ज्याला वर जायचंय त्याने काय म्हणायचं

‘मला भीती वाटते’ म्हटलं की हसतात. त्यापेक्षा प्रश्न विचारा. ‘साहेब, बास्केटची प्लेट कुठे आहे?’ ‘ट्रायल झाली का? मी नव्हतो तेव्हा झाली असेल तर पुन्हा एकदा माझ्यासमोर करा.’ ‘लिमिट स्विच चालू आहे ना दादा? एकदा दाखवा.’ या प्रश्नांची उत्तरं नसतील तर ‘मी चढत नाही, दुसरं काम सांगा’ एवढं पुरे. ऑपरेटरलाही हाच हक्क आहे, आणि माझ्या मते त्याने तो जास्त वापरावा. लिव्हर त्याच्या हातात असतो, त्याने नाही म्हटलं की वाद तिथेच संपतो. नकाराची वेळ आणि कारण त्याच दिवशी कुठेतरी लिहून ठेवा, मेसेजमध्ये का होईना.

काम झाल्यावर

माणसं उतरली, कडी सोडली की बास्केट लगेच हुकावरून काढा. ती लटकत राहिली तर पुढच्या तासात कोणीतरी तिच्यात कपलॉकचे (परांचीचे) पाईप भरतो. तसं झालंच, किंवा बास्केट कुठे आपटली, तर तिला लाल टॅग लावून बाजूला करा. तपासणी, लागेल ती दुरुस्ती आणि नव्याने प्रूफ टेस्ट झाल्याशिवाय तो टॅग काढायचा नाही. दुपारी पुन्हा वर जायचं असेल आणि मधल्या वेळात क्रेन दहा फूट जरी सरकली असेल, तर वाळूच्या गोण्या पुन्हा भरायच्या.